कोतवाल बुकातले पणजोबा

तुमच्या आजोबांचा जन्म कोतवाल बुकात आहे! कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममरणाची जुनी नोंदवही. नाव कदाचित नसेल, पण जन्म आहे. तारीख आहे, गाव आहे, जात आहे, बापाचं नाव आहे आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगा’ असं लिहिलेलं आहे. नोंद व्हायची जन्मानंतर थोड्याच दिवसांत, तोवर बारसं कुठलं झालेलं असायला? भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या गावचं कुणीही भेटलं की सध्या मी ख्यालीखुशाली विचारायच्या आधी हेच सांगते. समोरचा माणूस आधी चमकतो, मग हळूच विचारतो, ‘कुठं पाहाले मिळते?’ आणि तिथून पुढे मला थांबवणं कठीण होतं.

मी या सगळ्यात आले ती मुलीच्या जात वैधतेच्या निमित्ताने. आम्ही कोहळी, म्हणजे इतर मागासवर्गात. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961. आपल्याकडे मूल बारावीला गेलं की आईबापांना आपापली तारीख पाठ होते. शपथपत्रावर वंशावळ लिहून द्यायची आणि तिच्यातल्या नावांना कागदाचा आधार शोधायचा: शाळेचा दाखलखारीज, खसरा, पी-1, अधिकार अभिलेख, कोतवाल पंजीची, म्हणजे याच बुकाची, नक्कल. नक्कल मिळाली, प्रमाणपत्र हातात आलं, की बहुतेक घरांत ती फाइल कपाटात जाते आणि धाकट्या भावंडाच्या बारावीलाच पुन्हा निघते. आमच्या मुलीचं काम झालं, प्रवेशही झाला. पण तोवर तहसिलीत माझ्यासमोर लाल कापडाच्या बस्त्याची गाठ सुटलेली होती, आणि ती मला काही केल्या पुन्हा बांधवेना.

कसं दिसतं हे बुक, सांगते. आखलेल्या रकान्यांची वही. टाकाने लिहिलेलं घाईचं अक्षर, शाई कुठे काळीभोर, कुठे विटकरी झालेली. एका भागात जन्म, एका भागात मरण. मरणाच्या भागात कारणाचा रकाना असतो आणि त्यात बहुतेक एकच शब्द. ताप. देवी. हगवण. पटकी. मध्येच एके ठिकाणी ‘वाघ’. त्या एका शब्दापाशी मी किती वेळ बसून होते! आमच्या गावाच्या शिवारात, आज जिथे धानाच्या बांध्या आहेत तिथे, वाघाने माणूस नेला आणि त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही, कुणाला ठाऊकही नाही. फक्त हा शब्द राहिला.

मग 1918 चं पान आलं. ऑक्टोबर लागला आणि रकान्यात दुसरा शब्दच दिसेना. ताप, ताप, ताप, ताप. खाली ‘सदर’ची खूण. पान उलटलं तरी तेच. मुंबईत जूनमध्ये शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ पावसाळ्यानंतर दुसऱ्यांदा उसळली आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरात मध्यप्रांत तिने झोडपून काढला. देशातल्या सगळ्यात जास्त मनुष्यहानी झालेल्या प्रांतांत आपला प्रांत होता. लोक तिला मानमोडी म्हणायचे. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण इथे, बापाच्या रकान्यात, माझ्या खापरपणजोबांचं नाव होतं. मेला तो त्यांचा थोरला मुलगा, पणजोबांचा सख्खा भाऊ. त्याच आठवड्यात त्याची बायको. मग चार वर्षांची एक मुलगी.

आता हे लक्षात घ्या की आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट कुजबुजत सांगितली जायची. थोरल्या पातीचा वंश बुडाला, कारण त्यांनी तलावाच्या पाळीवरचं देवाचं झाड तोडलं. त्या शापाच्या भीतीने आजही आमच्यात कुणी पाळीवरच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही. (झाडं वाचली, ते चांगलंच झालं.) आणि इथे लिहिलेलं होतं: ताप. शंभर वर्षं ज्या माणसावर आम्ही पापाचा ठपका ठेवला होता, तो बिचारा सगळ्या गावासारखाच मानमोडीने गेला होता. मी मोठ्या बाबांना फोन लावला. वयाची ऐंशी ओलांडलेला माणूस फोनवर कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाले, ‘म्हंजे तेनं झाड तोडलं नोहोतं?’ तोडलंही असेल, मोठे बाबा. पण त्यामुळे मेला नाही!

आणि ही नोंद झाली कशी? गावचा कोटवार, म्हणजे कोतवाल, जन्ममरणाची खबर ठेवायचा, ठराविक दिवशी पायी ठाण्यावर जायचा आणि तिथला मुहर्रिर, म्हणजे कारकून, ती लिहून घ्यायचा. नागपूर-भंडाऱ्याकडच्या बहुतेक गावांत कोटवार महार समाजातला. ज्याला आमच्या ओसरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती, त्याने आमच्या घरातलं प्रत्येक मूल आणि प्रत्येक मढं ध्यानात ठेवलं आणि मानमोडीच्या त्या दिवसांत, स्वतःच्या घरातही माणसं पडत असताना, ती यादी ठाण्यावर पोचवली. माझ्या लेकीचं प्रमाणपत्र त्याच्या पायपिटीवर उभं आहे. त्या कोटवाराचं नाव मला त्याच बुकात, त्याच्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत सापडलं. त्याच्या पणतूला मी ते पान नेऊन दाखवलं. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलेलो, एका बाकावर नसलो तरी एका वर्गात, आणि आमच्या दोघांच्या घराण्याचा इतिहास एकाच बुकात होता हे आम्हाला आत्ता कळलं.

मग मी घराकडे वळले. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत मोठ्या मायने कागद जपून ठेवले होते. म्हणजे फेकले नव्हते, इतकंच. ‘कायले त्या रद्दीत हात घालतेस पोरी, इच्चू असल एखांदा,’ ती म्हणत होती आणि मी एकेक पोस्टकार्ड वर काढत होते. किती कार्डं! आपल्या देशात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला आलं, पाव आण्याला. आमच्या पेटीतली अर्थात बरीच नंतरची. जावयाच्या तब्येतीची, धानाच्या भावाची, बैल विकल्याची, लग्न जमल्याची. कडेला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. लिहिणाऱ्याने तारीख टाकली नसेल तर पोस्टाचा शिक्का भिंगातून पाहायचा. निम्मा पुसलेला असला तरी वर्षाचे आकडे पुष्कळदा लागतात. आमच्या झाडीपट्टीतला माणूस ‘ळ’च्या जागी ‘र’ लिहितो तेही तसंच कागदावर आहे. कार्ड मोठ्याने वाचलं की पणजोबांचा आवाज ऐकल्यासारखं होतं, आणि मी ते सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं.

पण एक गोष्ट खटकत होती. पेटीत एकाही मरणाचं पत्र नव्हतं. लग्नं सगळी, बाळंतपणं सगळी, मरण एकही नाही. मोठ्या मायला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मयताचं कार्ड कुणी घरात ठेवतं का? वाचलं की बाहेरच्या बाहेर फाडायचं, आंघोळ करायची. बस, सगळं लख्ख झालं! घराने शुभ तेवढं ठेवलं. अशुभ तहसिलीत राहिलं. घरात नावं आहेत आणि तारखा नाहीत. बुकात तारखा आहेत आणि नावं नाहीत. कार्डात लिहिलंय, ‘धाकट्याचे नाव अमुक ठेविले’, आणि बुकात त्याच महिन्यात आमच्या घरी एक ‘मुलगा’. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझे आजोबा पूर्ण झाले. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने 1 जुलै टाकलेली होती. खरी निघाली मार्गशीर्षातली. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचा खरा वाढदिवस यंदा पहिल्यांदा झाला.

बायकांचं मात्र अडत होतं. वंशावळीत मुलगा, त्याचा बाप, त्याचा बाप. बुकात ‘अमक्याची बायको’. पणजीचं नाव घरात कुणालाच आठवेना. लग्नानंतर नाव बदललेलं, त्यात सगळे तिला गावाच्या नावाने हाक मारायचे. शेवटी तिचं नाव मिळालं ते भांड्यावर! भंडारा म्हणजे पितळेचं शहर, आणि आपल्याकडे लेकीला आंदण पितळेचं. माळ्यावर एक गुंड होता, काळा ठिक्कर पडलेला, तळाला पोचा. चिंचेने घासला आणि गळ्याखाली ठिपके उजळायला लागले. टाकीच्या एकेका ठोक्याने पाडलेले बारीक ठिपके, त्यांचीच अक्षरं. बापाचं नाव, माहेरचं गाव, शके, आणि शेवटी तिचं माहेरचं नाव. माझ्या पणजीचं! शकाच्या आकड्यात 78 मिळवले की इसवी सन निघतो, तेवढं मला येत होतं. तिच्या लग्नाचं वर्षच हातात आलं. मग मी वेड्यासारखी घरातला प्रत्येक गडवा, प्रत्येक कोपर, प्रत्येक गंज उलटा करून पाहिला. आत्यांच्या घरी गेले, मावशीकडे गेले. एका कोपरावर मामाने दिल्याची नोंद, एका गडव्यावर जावेजावेची नावं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात जो स्तूप निघाला, त्याच्या कठड्याच्या दगडांवरही दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. आपला जिल्हा पूर्वीपासून वस्तूवर नाव घालून देतो, असं मला आता वाटतं. मोडीत जाणाऱ्या पितळेकडे तर माझ्याने बघवत नाही. एवढंच मागणं आहे: मोडीत घालण्याआधी गळ्याखाली, काठावर, तळाला बोट फिरवून बघा. अक्षरं असली तर आडव्या उजेडात फोटो काढा. समोरून काढला तर ठिपके दिसत नाहीत, बाजूने उजेड पडला की वाचता येतात.

कागदांच्या मथळ्यांचीही एक गंमत आहे. आमचं घर जागचं हललेलं नाही. पण आजोबांच्या शाळेच्या कागदावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’, त्यानंतरच्या पावतीवर ‘मध्य प्रदेश’, 1 नोव्हेंबर 1956 नंतर ‘मुंबई राज्य’ आणि 1960 पासून ‘महाराष्ट्र’. एका माणसाच्या हयातीत चार मथळे! मध्ये 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली, आणि पावती देणाऱ्याचं नाव बदललं. ही साल-सनावळ नुसती हौसेची नाही. कुठला कागद कुठे शोधायचा ते तिच्यावरून ठरतं. जुनं सरकारी दप्तर नागपूरच्या पुराभिलेखागारात मिळण्याची शक्यता असते, गावाचं तहसिलीत आणि भूमी अभिलेखात. गोंदिया 1 मे 1999 ला वेगळा झाला, त्याआधीच्या तिकडच्या कागदांवर जिल्हा भंडाराच लिहिलेला आहे.

पेटीच्या तळाशी एक पुडकं मोडीतलं. ते मात्र कुणालाच वाचता येईना. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग असतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून तर मोडी वाचणाऱ्याला भलताच मान आला आहे. मीही शिकते आहे. अक्षरं एकमेकांना धरून पळतात, पण महिनाभराने पहिला शब्द लागला तेव्हा मी टाळी वाजवली. ‘धान’! पुडकं निघालं बाढीच्या हिशेबांचं, खंडी आणि कुडो. कुणाला बियाण्याला किती दिले, सुगीला किती परत आले. एका वर्षी परतफेडीचा रकाना कोराच. त्या कोऱ्या रकान्याचं साल 1899-1900 च्या दुष्काळाशी जुळतं. पुढच्या वर्षी त्याच नावांपुढे पुन्हा बियाणं दिलेलं आहे. म्हणजे मागचं बुडीत असतानाही दिलं. खापरपणजोबांबद्दल मला यापेक्षा जास्त काही कळलं नाही तरी चालेल.

आणि तलाव! भंडारा तलावांचा जिल्हा आणि तलाव बांधणारे कोहळी, हे आम्ही अभिमानाने सांगत आलो. गोंड राजा काशीला गेला, तिथून त्याने कोहळ्यांना आणलं, ही कथा आजीने सांगितलेली. नवेगावबांध बांधणाऱ्या कोलू पाटलाचं नाव तर सगळ्यांना ठाऊक. पण माझ्या गावच्या तलावाचा कागद असतो, हे कुठे माहीत होतं? वाजिब-उल-अर्जमध्ये गावाच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात: पाणी कुणाच्या बांधीला आधी, मासोळीचा हक्क कुणाचा, वाट कुठून. जमीन महसूल संहितेत त्याला आजही जागा आहे, कलम 165. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारचे झाले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, मामा तलाव. मी आमच्या गावची वाजिब-उल-अर्जची नक्कल घेतली आणि तलावाच्या पाळीवर उभी राहून वाचली. ज्या तुडुमातून पाणी सुटायचं असं लिहिलंय, ते तुडुम अजून तिथेच आहे!

हे सगळं टिकवायचं कसं, यावर मी आता घरच्यांना हैराण करते. लॅमिनेशन अजिबात नाही. उष्णतेने आणि डिंकाने कागद कायमचा जायबंदी होतो आणि ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेप नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढून टाकायच्या. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, कारण बोरूची काजळाची शाई शतकभर फिकी पडत नाही, पण पाण्याने वाहून जाते. नवल म्हणजे आमच्या पेटीतला सगळ्यात जुना, हातबनावटीचा कागद आजही मऊ आणि चिवट आहे. 1940 नंतरचा गिरणीचा कागद मात्र घडीवर तुटतो. म्हणून घड्या उलगडून सपाट ठेवायचे, सुती कापडात. वेखंडाची पुरचुंडी शेजारी. पेटी जमिनीवर नाही, भिंतीला टेकून नाही. आपल्याकडे उधई दोन्हीकडून येते. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंनी, आणि पाकिटासकट. मागच्या बाजूला काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलने. आणि ज्या क्रमाने कागद पेटीत सापडले तो क्रम आधी टिपून ठेवायचा. कोणता कागद कशाला बांधलेला होता, यातही माहिती असते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं जमवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये आला आणि पुढे बावीस खंड झाले. त्यांचा बराचसा शोध पश्चिमेकडचा. आपल्या बाजूला यादव माधव काळ्यांनी 1934 मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला. पण भंडाऱ्याच्या शेतकऱ्याची, कोष्ट्याची, ढिवराची, कोटवाराची पेटी उघडायला कुणी आलेलं नाही. आणि वेळ फार उरलेला नाही, हे मी कळवळून सांगते. आत्याचं गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्दच्या बुडिताखाली गेलं. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा आत्याचं नुकतंच लग्न झालेलं होतं. पुनर्वसनात मोबदल्याचे कागद लोकांनी उराशी धरून नेले, ते वाचले. पत्रं, लग्नपत्रिका, बाढीच्या वह्या कितीजणांनी मागे सोडल्या. आत्याच्या सासूने मात्र सगळंच एका धान्याच्या कणगीत भरून नेलं होतं. त्या गावचं घर आता पाण्याखाली आहे आणि त्या गावाची चावडी, शेजार, विहिरीवरची भांडणं सगळी माझ्या टेबलावर आहेत. मी ती वाचते आणि आत्या शेजारी बसून सांगते, हे कोण, ते कोण. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख मी प्रत्येक वेळी खाली लिहिते.

सध्या मी पणजोबांच्या बहिणीच्या मागावर आहे. ती वंशावळीत नाही, पण तिची कार्डं आहेत, वारासिवनीच्या शिक्क्याची. आज ते मध्य प्रदेशात. मात्र बालाघाट जिल्हा 1867 मध्ये झाला तोच भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून, त्यामुळे तिच्या सासरचे जुने कागद दोन्हीकडे विखुरलेले असणार. तिचं शेवटचं कार्ड 1955 चं. पुढच्या वर्षी मध्ये राज्याची सीमा आली, आणि त्यानंतर येणंजाणं का थांबलं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. तिच्या सासरचं आडनाव आणि गाव लागलं आहे. तिथल्या एका शिक्षकांशी बोलणं झालं; ते घर नांदतं आहे आणि घरात एक म्हातारी आहे, नव्वदीची. धान चुरून झालं की मी आणि मुलगी तुमसर-कटंगीच्या वाटेने तिकडे जाणार आहोत. बरोबर कार्डांच्या प्रती, भिंग, पेन्सिल, कोरी वही, आणि चिंच.